एकशे सत्तावीस बटणं

९ जानेवारी

धाकट्या,

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितेय. पत्राला 'आत्ता मीटिंगमध्ये आहे' असं सांगता येत नाही, एवढा तरी त्याचा फायदा.

तुझ्या पैजेची तयारी झाली. हो, पैज तुझीच. त्या दिवशी डॉक्टरांनी तुझ्या बाबांना सांगितलं, शंभरातून सात वजा करत जा. जन्मभर पोरांना गणित शिकवलेला माणूस. पक्षाघाताच्या झटक्यानंतर तोंडातून भलताच शब्द येतो हे तुलाही माहीत होतं. 'त्र्याण्णव' म्हणायला गेले आणि 'चादर' आलं. पुढे 'चमचा' आलं. मग ते गप्प बसले. आणि तू त्यांच्या डोक्यावरून डॉक्टरांना म्हणालास, "आता त्यांचं डोकं चालत नाही. घर विकून दोघांना माझ्याकडे नेतोय." जसं काही तिथे माणूस नव्हता, कपाट ठेवलं होतं.

तेव्हापासून ते तुझ्याशी बोलत नाहीत. इतरांशी बोलता येत नाही आणि तुझ्याशी बोलत नाहीत, यातला फरक मला चांगला कळतो. नंतर त्यांनी पुस्तकातल्या एका आकड्यावर बोट ठेवलं, हा मूळ आहे हे हाताने करून दाखवतो अशा अर्थाने, आणि फोनवर त्यांच्या वतीने मी तुला तो वाचून दाखवला तेव्हा तू हसलास. "आई, माझं मशीन हे डोळ्याचं पातं लवायच्या आत करतं. पण चालेल. बाबांनी शेवटपर्यंत बरोबर करून दाखवलं तर मी घराचं नाव काढणार नाही. नाही जमलं तर त्यांनी सही करायची." त्यांनी टेबलावर एकदा टकटक केली. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, अशी आमची सध्याची भाषा आहे. तर ती पैज लागली.

आकडा तुला पाठ असेल, तरी लिहिते, कारण मी तो चष्मा पुसून पुसून उतरवलाय: १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. एकोणचाळीस अंकी. मूळ संख्या आहे म्हणे, एक आणि तो स्वतः सोडला तर त्याला कशानेही भाग जात नाही. फार पूर्वी, यंत्रं नव्हती तेव्हा, कोणीतरी हातानेच हे सिद्ध केलं होतं. मी विचारलं, मग झालंय तेच परत कशाला? दोनदा टकटक आणि वर डोळे मोठे केले. म्हणजे तू शिव, मध्ये बोलू नको.

उजवा हात गेला, लिहिता येत नाही. जीभ दगा देते. उरला डावा हात. म्हणून बटणं. अस्तराच्या कापडावर मी एकशे सत्तावीस रकान्यांच्या दोन पट्ट्या शिवून दिल्यात, एक वर, एक खाली. उजवीकडचा पहिला रकाना म्हणजे एक, त्याच्या डावीकडचा दोन, मग चार, मग आठ, असं दर रकान्याला दुप्पट. सगळ्या रकान्यांत एकेक बटण ठेवलं की बेरीज बरोबर तो राक्षसी आकडा होते. नुसती ओळीने बटणं. मला त्यातलं तेवढंच आवडलं.

कापड माझ्या बेतायच्या टेबलावर अंथरलंय, तेही पुरलं नाही म्हणून पुढे जेवणाचं टेबल जोडलंय. आता मी कपडे पलंगावर बेतते आणि आम्ही ताटं मांडीवर घेतो. कळव, तुझं बरं चाललंय का.

आई


२७ मार्च

धाकट्या,

तुझा एका ओळीचा निरोप मिळाला. 'माझ्याकडे प्रत्येक फेरीचं उत्तर तयार आहे, पाठवू का?' मी तो त्यांना वाचून दाखवला. दोनदा टकटक, इतकी जोरात की एक अख्खी ओळ विस्कटली आणि दुपार वाया गेली. तेव्हा असले निरोप यापुढे माझ्यापुरते पाठव.

काम कसं चालतं ते तुला सांगते. तुला ते येत असणार, पण मला येतं हे तुला कळायला हवं. सुरुवात चारापासून, म्हणजे तिसऱ्या रकान्यात एक बटण. त्याला त्यानेच गुणायचं आणि दोन वजा करायचे. सोळातून दोन गेले, चौदा. चौदाला चौदाने गुणून दोन वजा, एकशे चौऱ्याण्णव. असं एकशे पंचवीस वेळा, आणि उत्तर त्या राक्षसी आकड्याच्या वर गेलं की तो वजा करून बाकी तेवढी ठेवायची. शेवटच्या फेरीनंतर कापड रिकामं झालं, एकही बटण उरलं नाही, तर आकडा मूळ.

गुणायचं म्हणजे वरच्या ओळीतल्या प्रत्येक बटणासाठी, ते पहिल्या रकान्यापासून जितकं दूर असेल तितके रकाने, ती सगळी ओळ डावीकडे सरकवून खालच्या पट्टीत मिळवायची. एका रकान्यात दोन बटणं जमली की दोन्ही उचलून डावीकडच्यात एक. आणि डाव्या टोकातून बाहेर पडलेलं बटण उजवीकडून पहिल्या रकान्यात परत आत घ्यायचं. हा शेवटचा नियम मला आधी लबाडी वाटला. त्यांनी तीन रकान्यांवर करून दाखवलं तेव्हा पटलं. सातच्या वर गेलेला प्रत्येक आठ म्हणजे एक सात फेकून उरलेला एकच की.

पहिल्या काही ओळी सुबक होत्या, दोनतीन बटणांच्या. पाचव्या-सहाव्या फेरीपासून जो गोंधळ माजलाय तो माजलाच आहे. कुठे दाट, कुठे विरळ, काही ताळमेळ नाही. दर फेरी ते दोनदा करतात. पहिलं उत्तर मी चौकटीच्या कागदावर उतरवून घेते, दुसरं त्याच्याशी जुळलं तर पुढे. पडताळ्याशिवाय उत्तर नाही, हे तुझ्याही पाठीत धपाटे घालून शिकवलेलं आहे त्यांनी.

मी विचारलं, मुलगा उत्तरं देतोय तर मध्ये मध्ये बघायला काय हरकत आहे? ते समजावण्यात त्यांची अख्खी संध्याकाळ गेली. हातवारे, बटणं, चुकीचे शब्द, परत हातवारे. माझ्या शिवणाच्या बुद्धीला कळलं ते असं. बाहीत चूक झाली तर ती बाहीतच राहते, उसवून नीट करता येते. इथे एक बटण चुकलं तर पुढच्या फेरीत ते सगळ्या ओळीभर पसरतं, त्याच्या पुढच्या फेरीत आणखी. आणि मग शेवट रिकामा येत नाही म्हणजे नाही. म्हणून शेवट रिकामा आला की अख्खं वर्ष बरोबर. डॉक्टरांचा कागद नको, तुझी शिफारस नको. मी म्हटलं, नशिबाने आला रिकामा तर? त्यांनी नुसतं त्या एकोणचाळीस अंकांवरून बोट फिरवलं. म्हणजे इतक्यांत एकदा.

आणखी एक गंमत. दोन रकाने भरले की होतात तीन. तीन रकाने भरले की सात. सात रकाने भरले की एकशे सत्तावीस. एकशे सत्तावीस भरले की हा आपला. सगळे मूळ. आणि हा आकडा असेल तितके रकाने भरले तर? ते जगात कोणालाच माहीत नाही, तुझ्या मशीनलाही नाही. मी सांगून टाकलंय, त्यासाठी कापड मी देणार नाही. हसले. झटक्यानंतर पहिल्यांदाच इतके हसले असतील.

जाता जाता एक. 'घर विकू' असं तू म्हणतोस तेव्हा त्यात पुढची खोलीही विकली जाते, आणि पुढच्या खोलीत माझं दुकान आहे. असो. मला कोणी विचारलेलं नाही.

आई


२१ ऑगस्ट

धाकट्या,

हे पत्र लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. लिहितेच.

शाळा उघडायच्या तोंडावर गणवेशांची एवढी शिलाई आली की शर्टांची बटणं संपली. दुकानदार म्हणाला आठवड्याने येतील. मी तुझ्या बाबांच्या कापडाकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. शेवटी तडजोड झाली. त्यांची जाड बटणं मी घेतली आणि बदल्यात त्यांना पेटीच्या तळाशी पडलेली पातळ स्वस्तातली दिली. तासभर रुसून बसले होते, पण दिली.

मग या महिन्यात त्यांना ताप आला. ताप उतरल्यावर पुन्हा कामाला बसले, तर दोन उत्तरं जुळेनात. तिसऱ्यांदा केलं, तिसरंच आलं. चौथ्यांदा चौथं. असं चार-पाच दिवस. पाचव्या दिवशी त्यांनी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "तो... बरोबर." तो म्हणजे तू. मग रडले. मी लग्नापासून या माणसाला रडताना पाहिलं नव्हतं, त्यांची आई गेली तेव्हासुद्धा नाही. मला तुझा इतका राग आला की तू समोर असतास तर कानाखाली वाजवली असती. आणि भीतीही वाटली, कारण वाटलं की तू खरंच बरोबर असशील.

आणखी एक सांगते, तेवढं पोटात ठेव. त्या संध्याकाळी मी तुला फोन लावणार होते. त्या फेरीचं उत्तर तुझ्याकडून घ्यायचं, ते झोपलेले असताना कापडावर मांडून ठेवायचं, आणि सकाळी म्हणायचं, बघा, हेच आलं होतं ना? नंबरही काढला होता. नाही लावला. माझी नियत चांगली म्हणून नाही. मला खोटं बोलता येत नाही आणि ते यांना माहीत आहे, म्हणून.

मग कापड आवरून ठेवावं म्हणून मी बटणं ओंजळीने गोळा करायला लागले, तर बोटांना काहीतरी लागलं. ती पातळ बटणं एकात एक बसतात. मधे खोलगट, पाठीला फुगीर, तापानंतरच्या घामट हाताने ठेवली की दोन चिकटून एक होतात. वरून बघणाऱ्याला एकच दिसतं. म्हणजे डोकं नव्हतं चुकत, बटणंच चुकत होती! मी त्यांना उठवून दोन चिकटलेली बटणं नखाने सोडवून दाखवली. बराच वेळ त्यांनी ती हातात धरून ठेवली.

सगळी पातळ बटणं डब्यात बंद केली. घरातल्या जुन्या कोटांची उसवून घेतली, त्यात तुझा शाळेचा कोटही आला. आज पुन्हा दोन उत्तरं जुळली. सत्त्याऐंशीवी फेरी.

तू एकदा येऊन जावंस असं मी म्हणत नाही. ते म्हणत नाहीत तर मी का म्हणू?

आई


११ नोव्हेंबर

धाकट्या,

आता नीट बसून वाच.

परवा सकाळी मी दुकानात मापं घेऊन मागच्या खोलीत आले, तर कापड मोकळं. खालची पट्टी, वरची पट्टी, कुठे काही नाही. बटणं सगळी वाडग्यात भरून ठेवलेली. तुझे बाबा न्हाणीघरात. मला वाटलं, झालं. सोडून दिलं यांनी. इतके महिने खपून, शेवट दिसायला लागल्यावर सोडून दिलं. तेवढ्यात मधोमध एक बटण राहिलेलं दिसलं. आवरताना नजरेतून सुटलं असणार असं समजून मी ते उचललं. पुढे एक गिऱ्हाईक कोट घेऊन उभंच होतं, एका बटणासाठी खोळंबलेलं. रंग जुळत होता. दिलं लावून. गेलं ते घेऊन.

तुझे बाबा काठी टेकत आले. कापडाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, का हो सोडलंत? त्यांनी रिकाम्या कापडावर बोट ठेवून भुवया उंचावल्या. म्हणजे, इथलं कुठेय? मी म्हटलं, एक राहिलं होतं, ते मी उचललं.

अरे, ती एकशे चोविसावी फेरी होती. आकडा मूळ असेल आणि इथवर एकही चूक झालेली नसेल, तर शेवटच्या आदल्या फेरीत सगळा गोंधळ एकदम नाहीसा होतो आणि पासष्टाव्या रकान्यात एकच बटण उरतं. एकशे सत्तावीसच्या बरोबर मध्यावरून एक घर डावीकडे. वर्षभराच्या बटणांच्या गर्दीतून ते एक. आणि मी ते परक्या माणसाच्या कोटाला लावून दिलं.

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, मला आधी सांगायला काय झालं होतं, की शेवटी एकच उरतं म्हणून? त्यांनी शब्द गोळा केले, एकेक करून, आणि म्हणाले, "सांगितलं असतं... तर तूच... ठेवलं असतंस." आणि हसायला लागले. आधी मला राग आला, मग मीही हसले. आम्ही दोघं खुर्च्यांवर बसून इतके हसलो की पुढे दुकानात आलेली बाई परत गेली.

पण मग मला धसका बसला. हे कोणी पाहिलं? मी पाहिलं. आणि माझं काय वजन? घर राहिलं तर दुकान राहतं, म्हणजे मी फायद्यातली. त्यात बटण उचललेलंही मीच. तू म्हणशील, आईनेच कापड रिकामं केलं, त्यात बाबांनी काय केलं? आणि तुझं चुकणार नाही. हे मी त्यांना बोलून दाखवलं. एकदा टकटक.

तर त्यांनी एकशे तेविसाव्या फेरीचा कागद काढायला लावला आणि त्यावरून एकशे चोविसावी फेरी पहिल्यापासून पुन्हा केली. पाय सुजलेला, तरी उभ्यानेच. मी दार लावून घेतलं होतं आणि वाडग्याला हातही लावला नाही. पुन्हा तेच झालं. शेवटची गर्दी दोन-दोन करून डावीकडे सरकत गेली, टोकातून फिरून आली, विरत गेली, आणि पासष्टाव्यात एक बटण उरलं. तुझ्या शाळेच्या कोटाचं, निळं.

आता एकच फेरी आहे. ती लहान मूलही करील. ते बटण चौसष्ट रकाने सरकवायचं, ते टोकाबाहेर पडून फिरून दुसऱ्या रकान्यात येतं. आणि दुसऱ्या रकान्यातलं बटण म्हणजे दोन, ते दोन वजा करायच्या नियमाप्रमाणे उचलायचं. संपलं.

पण ते हात लावत नाहीत. वर काचेचा पेला उपडा घालून ठेवलाय. मी विचारलं, कोणासाठी थांबलात? भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे मुद्दाम बघितलं नाही. तेव्हा मीच म्हणते. ये.

आई


२ डिसेंबर

धाकट्या,

पोचल्याचा निरोप मिळाला. तू आलास, पेला उचललास, रकाने मोजत बटण सरकवलंस, मध्ये एकदा चुकलास आणि त्यांनी तुझा हात धरून मागे आणला, ते सगळं मी पाहिलं. ते वेगळं लिहीत नाही. रात्री तू सगळे कागद मशीनला लावून तपासलेस आणि सकाळी सांगितलंस की एकच चूक सापडली, एकेचाळिसाव्या फेरीत, तीही आईने पडताळ्यानंतर स्वच्छ प्रत करताना केलेली. तेही मी ऐकून घेतलं. तू त्यांच्या पाया पडून म्हणालास, "बाबा, माझं चुकलं. घराचं नाव काढणार नाही." बरं झालं आलास.

तू गेल्यावर काय झालं ते मात्र तुला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कपाटातून तुझा तो विक्रीचा कागद काढला आणि माझ्यापुढे सरकवला. खाली सही. डाव्या हाताने केलेली, पहिलीतल्या पोरासारखी वेडीवाकडी, पण त्यांचीच. मी म्हटलं, जिंकलात ना तुम्ही? मग हे काय? सूज आलेल्या पायाकडे बोट दाखवलं, न्हाणीघराच्या पायऱ्यांकडे दाखवलं. मग बराच वेळ शब्द शोधत बसले आणि म्हणाले, "विकायचं नाही... असं कुठे म्हटलं? मला विचारा... म्हटलं होतं."

आणि माझा पारा चढला. वर्षभर गिळलेलं सगळं बाहेर आलं. म्हटलं, तुम्हा बापलेकांनी एक घर घेऊन रस्सीखेच मांडली. आधी त्याने ठरवलं, मग तुम्ही ठरवलं, मग पैजेने ठरवलं, आता परत तुम्ही ठरवलं. पुढच्या खोलीत हे पोर रांगत होतं तेव्हापासून माझं मशीन चालतंय. त्या मशीनच्या पैशांवर त्याचं कॉलेज झालं. त्या खोलीचं काय करायचं ते मला विचारायला कोणाची जीभ वळली नाही, आणि तुमची तर झटक्याआधीही वळली नव्हती. असं म्हणून मी दुकानात गेले आणि रागाच्या भरात एक अख्खी बाही उलटी जोडली.

ती उसवत होते तर ते काठी टेकत आले. कागद हातात. तो माझ्या मशीनवर ठेवला आणि उभे राहिले. मी मान वर केली नाही. मग त्यांनी विचारलं, अगदी सलग, एकही शब्द इकडचा तिकडे न होता, "तुला काय हवंय?"

खरं सांगू, मला वाटत होतं की उत्तर माझ्या जिभेवर तयार आहे. नव्हतं. या घरात हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, तर उत्तर कशाला तयार करून ठेवीन? मी रडले. मग डोळे पुसले आणि म्हटलं, विचार करून सांगते. ते म्हणाले, "कधी?"

मी म्हटलं, तुम्हाला एका आकड्याला वर्ष लागलं. मीही घाई करणार नाही.

कागद माझ्याकडे आहे. तू फोन करून विचारू नकोस आणि त्यांनाही विचारायला लावू नकोस. माझं ठरलं की मीच कळवीन.

आई